साडूंच्या माफीला जागा पुरत नाही

आमच्या साडूंइतकी लाज अख्ख्या पिंपरी-चिंचवडात कुणाकडे नसेल. चाकण धरलं तरी नसेल. जगात जे जे काही बिघडतं, उशिरा येतं, खारट होतं, गळतं किंवा बंद पडतं, त्याला आपणच कुठेतरी जबाबदार आहोत अशी या माणसाची पक्की समजूत आहे, आणि समोर जो असेल त्याची ते ताबडतोब माफी मागून मोकळे होतात. मोशीच्या चौकात गाड्या तुंबल्या की मागच्या गाडीवाल्याकडे वळून हात जोडतात. राँग नंबर आला की "माफ करा, मी तो नव्हे" असं म्हणतात, आणि तो जो कोण आहे तो आपण नसल्याचं त्यांना खरंच वाईट वाटतं. एकदा आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या पुतण्याच्या लग्नात मठ्ठा आंबट झाला होता. साडू तिथे केवळ माझ्यामुळे आलेले, वधू-वरांची नावंसुद्धा त्यांना माहीत नव्हती. तरी शेजारी जेवणाऱ्या आजोबांना ते म्हणाले, "मठ्ठा जरा आंबट झालाय, तेवढं सांभाळून घ्या." आजोबांना वाटलं हे मुलीकडचे. मग त्यांनी मानपानात राहिलेल्या यच्चयावत उणिवा साडूंना ऐकवल्या आणि साडूंनी त्या मान खाली घालून ऐकून घेतल्या. मी बाजूला ताट घेऊन उभा होतो आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. त्यांच्याबरोबर कुठेही गेलं की हे असंच होतं. ते जगासाठी लाजतात आणि मी त्यांच्यासाठी.

माफी मागण्यात एवढा तरबेज असलेला हा माणूस दुसरं काहीच मागू शकत नाही. भीड आडवी येते. हॉटेलात वडापावाबरोबर चटणी आली नाही तर ते तो कोरडा खातात, वर मालकाला "झकास होता" म्हणून सांगतात. आणि मागता येत नाही तसंच नाहीही म्हणता येत नाही. त्यामुळे त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात पाणी शुद्ध करायची दोन यंत्रं आहेत, दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांची. दुसरा आला तेव्हा पहिलं भिंतीवर दिसत होतं, पण तो बिचारा उन्हातून आला होता. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तिने तेव्हा कपाळाला हात लावला तो अजून खाली घेतलेला नाही. त्यातून साडूंना साखरेचा आजार. आमच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा घरी आले तेव्हापासून आमच्याकडे बिनसाखरेचा चहा पितात. माझी बायको दिवाळीला त्यांच्यासाठी वेगळे, खजुराचे लाडू करते, आणि माझं पोट बघून मला सुनावते की दाजींकडून जरा शिका, एवढ्या लहान वयात साखर लागली पण कधी कुरकूर ऐकलीत का. मी कधीच ऐकलेली नाही.

भोसरी एमआयडीसीत त्यांचं एक छोटं शेड आहे. मोठ्या कंपन्यांमध्ये सुटे भाग इकडून तिकडे न्यायला लोखंडी ट्रॉल्या लागतात, त्या ते बनवतात. साडू मूळचे मराठवाड्यातले. मिसरूड फुटायच्या वयात कामाला म्हणून इकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला तो उस्तादांनी. उस्ताद महाळुंग्याचे. स्वतः मामाच्या गॅरेजात शिकलेले, सर्टिफिकेट वगैरे काही नाही, पण त्यांच्या हातचा जोड सुटलेला कुणी पाहिला नव्हता. पुढे साडूंनी स्वतःचं शेड टाकलं तेव्हा उस्ताद आपणहून त्यांच्याकडे आले. सगळ्यांदेखत साडूंना अरेतुरे करायचे, चुकलं तर टपली मारायचे, आणि शेडचा मालक ती टपली खाली वाकून घ्यायचा. ताई म्हणते, घरात सासरा असल्यासारखं होतं ते.

मग चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं थेट काम मिळायची वेळ आली. तोवर मधल्या कुणाच्या तरी हाताखाली काम चालायचं. थेट काम हवं तर कंपनीचा माणूस येऊन शेड तपासतो, त्याला ऑडिट म्हणतात. ऑडिटची एक अट अशी होती की वेल्डिंगला हात लावणारा प्रत्येक माणूस सर्टिफिकेटवाला पाहिजे. साहेब आले, फिरले, आणि उस्तादांसमोर थांबून त्यांनी विचारलं, हे कोण. आता इथे दुसऱ्या कुणीही काहीतरी पटणारं सांगून वेळ मारून नेली असती. साडूंना साहेबांची भीड पडली. घाम फुटला, आणि तोंडातून निघून गेलं, "हे? हे हेल्पर आहेत. झाडलोट करतात." कोपऱ्यातला झाडू उस्तादांनी उचलला आणि साहेब जाईपर्यंत शेड झाडत राहिले. चांगलं झाडलं, यंत्रांखालून, कोपऱ्याकोपऱ्यातून. साहेब गेल्यावर झाडू जागेवर ठेवला, डोळ्यांवरची काळी काच खिळ्याला टांगली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही कधी आले नाहीत. महाळुंग्याच्या चौकात त्यांनी ग्रिल-दरवाजांचं छोटं दुकान टाकल्याचं नंतर कळलं.

काम साडूंना मिळालं. पेढे त्यांनी वाटले नाहीत. चाकणला माल पोचवायचा तर वाट त्याच चौकातून जाते, म्हणून साडू टेम्पोत बसले असले की ड्रायव्हरला गाडी आडवाटेने घ्यायला लावतात. तो रस्ता रस्ता म्हणण्यासारखा नाही. ट्रॉल्यांना रंग लावून पाठवायचे त्या खरचटून पोचायच्या, मग त्याबद्दल साडू कंपनीची माफी मागायचे. सगळ्या जगाची माफी मागत फिरणाऱ्या या माणसाला जिथे खरोखर मागायची होती तिथेच जाता येत नव्हतं. ताईने किती वेळा सांगितलं, अहो जाऊन या, पाय धरा, विषय संपवा. ते कपडे करून निघायचे आणि मोशीपर्यंत जाऊन परत यायचे. "कोणत्या तोंडानं जाऊ," एवढंच म्हणायचे.

अशात त्यांना वेबसाइट काढायची बुद्धी झाली. मी तळवड्याच्या एका कंपनीत असलीच कामं करतो, तेव्हा बोलावणं मलाच आलं. मी हौसेने सगळं तयार केलं आणि म्हणालो, चला, आता ट्रॉल्यांचे फोटो द्या. साडूंनी खिशातून मोबाइल काढून मला एक मजकूर दाखवला आणि म्हणाले, "पाव्हणं, आधी हे टाका. पहिल्या पानावर." मजकूर असा होता: उस्ताद, त्या दिवशी मी तुम्हाला हेल्पर म्हणालो. तुम्ही झाडू घेतला आणि मी बघत उभा राहिलो. मला वेल्डिंग तुम्ही शिकवलं. चुकलो. मी त्यांना समजावलं की धंद्याच्या वेबसाइटवर असलं कुणी टाकत नाही, फार तर आत कुठेतरी वेगळ्या पानावर टाकू. ते म्हणाले, "सगळ्यांसमोर बोललो हुतो. आता माफी मागच्या खोलीत मागू काय?" मी टाकलं. उस्तादांना मात्र त्यांनी काही कळवलं नाही, कारण कळवायचं म्हणजे फोन करायचा.

आता तिथेच थांबले असते तर ते आमचे साडू कसले. काही दिवसांनी सर्व्हरच्या दुरुस्तीमुळे साइट तासभर बंद होती. त्या तासात कुणीही ती उघडायला गेलं नसणार, पण साडूंनी त्या न आलेल्या लोकांसाठी पहिल्या पानावर माफी टाकली, उस्तादांच्या मजकुराच्या वर. मग एका निळ्या ट्रॉलीचा फोटो हिरवट दिसत होता, त्याबद्दल टाकली. ग्राइंडरच्या आवाजाने गल्लीतल्या परीक्षेच्या मुलांना त्रास झाला, त्याबद्दल टाकली. परदेशातून कुणीतरी साइटवर येऊन लगेच निघून गेल्याचं आकडेवारीत दिसलं. ते माणूस नसतं, आपोआप फिरणारं यंत्र असतं, हे मी घसा कोरडा करून सांगितलं. तरी त्यांनी त्या यंत्राची इंग्रजीतून माफी मागितली. शेडच्या शेजारी एक फ्लेक्सवाला आहे, वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे बोर्ड करणारा. तो म्हणाला, दादा, नुसती अक्षरं बरी दिसत नाहीत, मी डिझाइन करून देतो. त्याला नाही कोण म्हणणार? तेव्हापासून साडूंची प्रत्येक माफी, उस्तादांची सोडून आधीच्यासुद्धा, लाल महिरपीत, वर 'क्षमस्व', मध्ये पांढऱ्या सदऱ्यातले हात जोडलेले साडू, अशी येऊ लागली. आणि फ्लेक्सवाल्याने फाइल बनवली ती चौकात टांगायच्या मापाची. मी म्हणालो, साडूभाऊ, एवढी अजस्र फाइल वेबसाइटला लागत नाही, लहान करून टाका. त्यांना ते पटलं नाही. माफी काय बारीक करून मागायची असते का, असं त्यांचं म्हणणं पडलं.

यातून जे व्हायचं तेच झालं. वेबसाइटचं पान तयार होताना सर्व्हर त्याला ठरावीक मेमरी देतो. खानावळीत ताटामागे पोळ्या ठरलेल्या असतात तसं ते आहे. त्याहून जास्त लागली की काम तिथल्या तिथे थांबतं आणि मेमरी संपल्याची इंग्रजीतली एक लांबलचक, उद्धट ओळ पानावर उमटते. साडूंच्या साइटवर सगळ्या माफ्या ओळीने मांडणारं एक प्लगइन होतं. पान उघडलं की ते एकेक फ्लेक्स उघडायचं, लहान करायचं, खाली ठेवायचं, पुढचं उघडायचं, आणि अर्ध्यात दम तुटून मान टाकायचं. त्याबद्दल मला साडूंचा फोन यायचा, माझी माफी मागून. असल्या वेळी आमच्या धंद्यात जे सगळेच करतात तेच मी करायचो. एका फाइलमध्ये मेमरी किती द्यायची त्याची ओळ असते, तिथला आकडा वाढवायचा आणि चहा प्यायला जायचं. साइट चालू व्हायची. मग साइट बंद पडल्याबद्दल साडू एक नवी माफी टाकायचे, चौकात टांगायच्या मापाची, आणि साइट पुन्हा बसायची. शेवटी माझा आकडा, साइट जिच्या सर्व्हरवर होती त्या होस्टिंग कंपनीने घातलेल्या मर्यादेला जाऊन टेकला आणि माझा उपाय संपला. मीही कंटाळलो होतो. नवीन माफी वर येते आणि जुनी खाली जाते, त्यामुळे सगळ्यात खाली उस्तादांची होती. पान तिथवर कधी पोचतच नव्हतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. आम्ही दोघंही ते बोलत नव्हतो.

हे असंच चाललं असतं, पण टेम्पोवाल्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने एकदा चौकात चहा पिताना उस्तादांना सांगून टाकलं की मालकांनी तुमच्याबद्दल इंटरनेटवर लिहिलंय. उस्तादांनी मोबाइलवर साइट उघडली. वर सात-आठ वेळा हात जोडलेले साडू आणि त्याखाली इंग्रजीतली ती ओळ. त्यांनी ताईला फोन केला. राग नव्हता आवाजात, असं ताई म्हणते, पण मायाही नव्हती. ते म्हणाले, "तुमच्या मालकानं माझ्यावर कायतरी लिवलंय म्हणं. आमच्याकडं उघडंना. शुक्रवारी नमाज झाली की मी घरी हाय. येऊन दाखवा म्हणावं, काय लिवलंय ते." ताईने साडूंना निरोप सांगितला आणि लगेच मला फोन लावला. तिचं म्हणणं एवढंच होतं की इतक्या वर्षांनी त्या माणसाने स्वतः बोलावलंय, ते पान उघडलं नाही तर हे पुन्हा मोशीवरून परत येतील आणि मग कधीच जाणार नाहीत.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. मी रजा टाकून शेडवर गेलो. साडू ट्रॉलीवर बसले होते, चेहरा उतरलेला. मी म्हणालो, वरच्या सगळ्या माफ्या उडवून देऊ, एका मिनिटाचं काम आहे. ते म्हणाले, मागितलेली माफी परत घेतल्यासारखं होईल ते. मी म्हणालो, त्या यंत्राची तरी घ्या परत. ते नाहीच म्हणाले. मग मी लॅपटॉप मिटला आणि सांगितलं, तर आता एकच वाट आहे, होस्टिंग कंपनीला फोन करून मेमरी वाढवून मागायची. खातं तुमच्या नावावर आहे, तेव्हा मागायची तुम्हीच. मागायची हा शब्द ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच शरमलो.

तो फोन मी जन्मात विसरणार नाही. पलीकडे एक मुलगी होती. मी आपली काय मदत करू शकते, असं तिने विचारलं. साडू म्हणाले, मदत नको, तुम्ही आधीच लई केलंय. मग त्यांनी तिच्या जेवणाची चौकशी केली. तिला वेळ आहे का विचारलं, नसला तर उद्या करतो म्हणाले. मी खाणाखुणा करत होतो. साइट बंद पडते ही गोष्ट त्यांनी अशा तऱ्हेने सांगितली की जणू आपली साइटच त्यांच्या कंपनीला काही त्रास देत असावी. मुलगी हुशार होती. तिने पानाचा गोंधळ बघितला आणि स्वतःच म्हणाली, "सर, तुम्हाला मेमरी वाढवून हवी आहे का?"

साडूंनी घाम पुसला. "पाहिजे असं न्हाई. असली तर द्या. दुसऱ्या कुणाची कमी करून नको."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने जेवढी त्या खात्यावर बसत होती तेवढी वाढवली, आणि फोन ठेवण्यापूर्वी अगदी हळू आवाजात विचारलं की सर, तुम्ही बरे आहात ना. साडूंनी तिचा वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली. मी पान उघडलं. निळी ट्रॉली आली, परीक्षेची मुलं आली, परदेशी यंत्र आलं, आणि उस्तादांच्या जरा वर येऊन पान थांबलं. खाली तीच ओळ. साडू म्हणाले, "पाव्हणं, माफ्या राहू द्या. मला कापा."

मला कळलं नाही. त्यांनी बोटाने दाखवलं. प्रत्येक फ्लेक्सवर त्यांचा भला मोठा फोटो होता, त्यातला चेहरा, सदरा, मागची महिरप सगळं काढून टाकायचं. हात आणि अक्षरं तेवढी ठेवायची. मग ती बारीक झाली तरी चालतील. दुपारभर मी तेच केलं. एकेका फ्लेक्सवरून मी साडूंना कापत होतो आणि ते शेजारी बसून हो म्हणत होते. संध्याकाळी पान उघडलं तेव्हा नुसते जोडलेले हात ओळीने खाली गेले, झरझर, कुठेही न अडकता, आणि सगळ्यात खाली फ्लेक्सशिवायचा तो साधा मजकूर आला. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी तो वाचला आणि तोंड फिरवलं.

शुक्रवारी आम्ही दोघं निघालो. मोशी आली आणि गेली. सिग्नलला साडूंनी शेजारच्या रिक्षावाल्याकडे बघून सवयीने हात जोडले. महाळुंग्यात उस्तादांचं दुकान पुढे, घर मागे. उस्ताद खाटेवर बसले होते. मी ऐकलं होतं त्यापेक्षा पुष्कळ म्हातारे होते. साडू दारातच उभे राहिले. उस्तादांनी त्यांना ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही, माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, दाखवा. मी त्यांच्याच मोबाइलवर साइट उघडली. ते सगळे हात त्यांनी सावकाश खाली सरकवले, मधूनमधून थांबून वाचले. त्या यंत्राच्या माफीपाशी त्यांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला तेव्हा त्यांच्या मिशा हलल्यासारख्या वाटल्या. मग ते खाली पोचले. तो मजकूर त्यांनी ओठ हलवत वाचला, पुन्हा वाचला, आणि पहिल्यांदा साडूंकडे पाहिलं.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "त्या साहेबानं वाचलं का?"

दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मला आजही बघवत नाही. साहेबाने कुठून वाचलं असणार? ज्याच्यासमोर ते बोललं गेलं त्याला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यांच्याही नाही, आणि एवढी अक्कल शिकवणाऱ्या माझ्याही नाही. मी काहीतरी सारवासारव करणार तेवढ्यात साडूंनी खिशातून फोन काढला. हॉटेलात चटणी न मागणाऱ्या माणसाने आपणहून चाकणच्या त्या साहेबांना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

"साहेब, भोसरीहून बोलायलोय, ट्रॉलीवाला. ऑडिटला आलता तवा एक माणूस झाडत हुता बघा आमच्या शेडमध्ये. हेल्पर म्हणून सांगितलं मी तुम्हाला. ते हेल्पर न्हाईत. माझे उस्ताद हायेत. मी खोटं बोललो."

पलीकडे यंत्रांचा आवाज होता. "कुठलं ऑडिट?" साहेब म्हणाले. "अहो, मी कितीतरी शेड बघतो. मला नाही लक्षात. माल वेळेवर येतोय ना तुमचा? मग झालं." आणि फोन बंद झाला.

बाहेर चौकात ट्रेलर वळत होते. साडू फोनकडे बघत तसेच उभे, कानापर्यंत लाल झालेले. ज्याच्या भिडेपायी त्यांनी उस्तादांच्या हाती झाडू दिला, त्या माणसाला झाडू दिसलाही नव्हता.

"त्याच्या ध्यानात बी न्हाई," उस्ताद शेवटी म्हणाले. "म्हंजे ह्यात तिसरा कोण न्हाईच. तू हायस आन् मी हाय." मग म्हणाले, "झाडू मी रागानं घेतला न्हवता रे. तुझं काम अडत हुतं, कळलं मला. मला वाटलं सांच्याला येशील. मग वाटलं ईदला येशील. मग चौकातनं तुझा टेम्पो जायचा बंद झाला. आडवाटेनं जातोस व्हय रे माझ्या दारावरनं? त्याचा राग हाय मला. त्या हेल्परचा न्हाई."

साडूंनी तोंड उघडलं. 'माफ करा' हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर सदैव तयार असतात, पण त्या वेळी ते आले नाहीत. ते खाली बसले, खाटेवर नव्हे, फरशीवर, आणि मान वाकवली. उस्तादांनी त्यांना टपली मारली. जोरात मारली, मला आवाज आला.

मग त्यांनी मला तो मजकूर काढून टाकायला सांगितलं. लोक वाचतील आणि म्हणतील उस्ताद रुसून बसलाय, असं म्हणाले. मी साडूंकडे पाहिलं. एकही माफी परत न घेणाऱ्या त्या माणसाने मान हलवली आणि मी तिथेच तो मजकूर काढला. उस्तादांनी आत सुनेला चहा सांगितला आणि मागून ओरडून म्हणाले की त्याच्या कपात साखर जादा टाक, त्याला पहिल्यापासून पाकच लागतो. मी घाईघाईने म्हणालो, अहो, त्यांना साखर चालत नाही, त्यांना आजार आहे. उस्तादांनी विचारलं, कुणी सांगितलं? मी साडूंकडे पाहिलं तर ते फरशीची फट न्याहाळत होते.

परतताना मोशीच्या अलीकडे त्यांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझी बायको चहात साखर घालायला विसरली होती. नव्या घरात कसं सांगायचं म्हणून ते प्यायले. पुढच्या वेळी तिनेच विचारलं की दाजी, तुम्ही बिनसाखरेचाच घेता ना? ते हो म्हणाले. मग खजुराचे लाडू सुरू झाले, आणि आता सांगितलं तर तिला किती वाईट वाटेल. आजार वगैरे त्यांना कधी नव्हताच. ताईलाही त्यांनी शपथ घालून गप्प बसवलं होतं. मी गाडी चालवत राहिलो. त्यांच्या गमती मी मित्रांना सांगून हसवतो, मठ्ठ्याची तर माझी हुकमी आहे, आणि इतकी वर्षं माझ्या घरात माझ्याचसमोर हा माणूस तोंड वाकडं न करता तो कडू चहा गिळत होता.

उस्ताद काही कामाला परत आले नाहीत. वय झालं, म्हणाले. साडूंचा टेम्पो आता चौकातून जातो आणि दर वेळी तिथे चहाला थांबतो. त्यामुळे माल उशिरा पोचतो आणि त्याबद्दलचे जोडलेले हात साइटवर वाढत चालले आहेत. बारीक असल्यामुळे पान अजून तरी बसलेलं नाही.

गेल्या रविवारी साडू आणि ताई घरी आले. चहा मी केला आणि त्यांच्या कपात चांगली भरपूर साखर घातली. पहिल्या घोटाला ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि कप रिकामा केला. ते गेल्यावर थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. म्हणाले, "पाव्हणं, साखरेचं कधी बोललो न्हाई. तुम्हाला उगं इतकी वर्षं बिनसाखरेचा वेगळा चहा करावा लागला. माफ करा." चूक आमची होती, माझी होती. तेवढंच म्हणायचं होतं, आणि ते जितक्या सहज म्हणतात तितकं सोपं असेल असं मला वाटत होतं. माझी जीभ उचलेना. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.